दाद

बर्फाच्या थर्मासमधून आला
तांदळाच्या कणीएवढा तुकडा.
मोरेश्वर केणी, वय त्रेपन्न, शिवडी.
गोदीत खोकी मोजतात.
फॉर्मवर डॉक्टरांचं तिरपं अक्षर:
'दोन कोर्स झाले. औषधाला दाद नाही.'

अशा वेळी चहालाही थांबायचं नसतं.
भरपूर हवा लागली तर मरतात हे,
अजिबात नसेल तरी मरतात.
जठराच्या आम्लात पिढ्यान् पिढ्या घर करून राहणारे
माझ्या टेबलावर येताच नाजूक होतात.
तुकडा चेचला,
परळच्या पशुवैद्यकातून आलेल्या मेंढीच्या रक्तावर पसरला,
बरणीत गॅसची पुडी, झाकण घट्ट, सदतीस अंश.
उरलेला कण युरियाच्या थेंबात सोडला,
बघता बघता पिवळ्याचा गुलाबी.
म्हणजे आहेत.
आहेत, हे तर केणींनाही ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी काही नाही.
चौथ्या दिवशी वीज गेली,
इन्क्यूबेटरच्या दाराला पाठ लावून उभी राहिले
जणू माझी ऊब आत झिरपणार होती.
पाचव्या दिवशी गव्हाणकर मॅडम म्हणाल्या,
"मेलंय ते. फेकून दे, झुलेखा."
नाही फेकलं.
आयुष्यात पहिल्यांदा एका रोगासाठी दुवा मागितली:
जग रे, दोन दिवस अजून जग,
तुला काय मारतं ते तुलाच विचारायचंय.

त्याच दुपारी केणी खिडकीशी, खिशात खारीची पुडी.
भूक लागली की जळतं, खाल्लं की निवतं,
म्हणून खारी. धक्क्यावर, बसथांब्यावर, रात्री तीनला.
"रिपोर्ट?"
अजून वाढले नाहीत, म्हटलं.
"इथे बरे वाढतात," ते म्हणाले, पोटावर हात ठेवून.

आधी काय काय घेतलंत?
पोटातलं ओठावर यायला वेळ लागला.
नाक्यावरचा केमिस्ट. जुलाब झाले की दोन गोळ्या,
थांबले की उरलेल्या कपाटात.
दाढ दुखली तेव्हा मुलीच्या राहिलेल्या.
आणि तो पहिला कोर्स, चौदा दिवसांचा:
सहाव्या दिवशी बरं वाटलं,
बोट लागली होती, माल फार. विसरले.

मी रागावले नाही.
आमच्या घरी शिवणयंत्राच्या खणात
अर्ध्या कापलेल्या पाकिटांचा गठ्ठा आहे.
अम्मी तारीख बघत नाही, रंग बघते.

सातव्या सकाळी
रक्तावर टाचणीच्या टोकाएवढे थेंब,
आरपार, दवासारखे.
हातमोज्यांनिशी टाळी वाजवणार होते,
मग आठवलं, कोणासाठी.

पुन्हा पेरले. ताटलीत एकेक पट्टी,
या टोकाला औषध कमी, त्या टोकाला जास्त.
पुन्हा तीन दिवस.

क्लॅरिथ्रोमायसिन, पहिल्या कोर्सचं:
पट्टीला बिलगून वाढलेत.
लिव्होफ्लॉक्सासिन, दुसऱ्याचं: तसेच.
मेट्रोनिडाझोल, नाक्यावरच्या केमिस्टचं:
पट्टीवर चढून बसायचेच बाकी.
केणी विसरले होते.
हे काही विसरले नव्हते.

अमॉक्सिसिलिन:
पट्टीभोवती लंबगोल, स्वच्छ, मोकळं अंगण.
टेट्रासायक्लिन: त्याहून ऐसपैस.
दोनदा मोजलं. मॅडमना दाखवलं.
त्या काही बोलल्या नाहीत, चष्मा पुसला, सही केली.

रिपोर्टात दोनच रकाने असतात,
दाद देतो, दाद देत नाही.
दाद कुणाकडे मागायची, याला रकाना नाही.

चौदा दिवस, डॉक्टरांनी सांगितलं. बरं वाटलं तरी चौदा.
केणींनी खारीची रिकामी पुडी उलगडली,
कानामागची पेन्सिल काढली
आणि खोकी मोजतात तशा रेघा मारून दाखवल्या,
चार उभ्या, पाचवी आडवी.
"एकही खोकं चुकत नाही माझं."

ताटल्या मी ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या.
एवढ्या दुवेनंतर, एकशे एकवीस अंशांवर.
घरी जाऊन खण उघडायचा होता.
अम्मी झोपायची वाट बघत बसले.